एकटीनं इंग्लंड आणि आयर्लंड: सांधे पक्के, दिवस मोकळे

बाथच्या एका गल्लीत, रात्री सव्वानऊला, मी एका बंद दारासमोर उभी होते. लंडनहून संध्याकाळची गाडी स्वस्त पडली म्हणून ती घेतली होती. मुक्कामाच्या घरी आठनंतर कुणी नसतं, दाराशेजारच्या छोट्या पेटीत किल्ली असते आणि पेटी उघडायचे चार आकडे ईमेलनं येतात, हे मला माहीत होतं. आकडे आलेही होते, पण फोनला नेट मिळेना आणि ईमेल उघडेना. शेवटी कोपऱ्यावरच्या पबमधल्या मुलीनं वायफायचा पासवर्ड दिला आणि पाच मिनिटांत किल्ली हातात आली. ती पाच मिनिटं मला अजून आठवतात, कारण सोबत कुणी असतं तर एकानं बॅगा सांभाळल्या असत्या, दुसऱ्यानं चौकशी केली असती. एकटीला दोन्ही करावं लागतं, तेही दमलेलं असताना.

एकटीच्या प्रवासात अडचण येते ती बहुतेक सांध्यांवर, हे मला त्या रात्री कळलं. विमानतळ ते खोली, खोली ते गाडी, गाडी ते बोट, एका देशातून दुसऱ्या देशात. मधल्या दिवसांत फारसं काही बिघडत नाही. म्हणून माझा आग्रह असा: सांधे घरी बसून पक्के करा आणि मधले दिवस मोकळे सोडा. बरेचजण नेमकं उलट करतात. रोज काय बघायचं याचा तासातासाचा तक्ता करतात आणि बोटीच्या धक्क्यावरून शहरात कसं जायचं ते तिथे पोचल्यावर बघू म्हणतात.

मी बासष्टाव्या वर्षी, मे-जूनमध्ये, अठरा रात्रींसाठी गेले. लंडन पाच, बाथ तीन, यॉर्क दोन, चेस्टर एक, डब्लिन तीन, गॉलवे तीन आणि परतीच्या आधी पुन्हा डब्लिन एक. मोटार भाड्यानं घेतली नाही, रेल्वे, बस आणि एक बोट यांवर सगळं झालं. पुढे लिहिलंय ते याच वाटेनं.

व्हिसा: आधी लंडन, मग डब्लिन

ब्रिटन आणि आयर्लंड हे दोन वेगळे देश आहेत आणि त्यांचे व्हिसाही वेगळे. पण भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ ही अक्षरं असली की त्याच व्हिसावर आयर्लंडलाही जाता येतं, वेगळा अर्ज नाही, वेगळी फी नाही. अट एकच, आणि ती फार महत्त्वाची: ज्या देशानं व्हिसा दिला त्याच देशात पहिलं पाऊल ठेवायचं. म्हणजे ब्रिटनचा व्हिसा असेल तर आधी लंडन किंवा मँचेस्टरला उतरून तिथल्या इमिग्रेशनमधून आत जायचं, मगच डब्लिन. स्वस्त तिकिटाच्या मोहात पडून आधी डब्लिनला उतरणारं विमान घेऊ नका. व्हिसा हाती आल्यावर ती चार अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि त्यानंतरच आयर्लंडचे पैसे भरा.

अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. ऑनलाइन अर्ज भरायचा, मग मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे. निकालाला साधारण तीन आठवडे धरा, सुट्टीच्या मोसमात त्याहून जास्त. कागदांत सगळ्यात जास्त बघतात ते तुमचे पैसे कुठून येतात आणि तुम्ही परत का येणार हे. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर रजेचं पत्र, निवृत्त असाल तर पेन्शनचे कागद. सातबारा किंवा मराठीतला कुठलाही दाखला जोडणार असाल तर त्याचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद सोबत लागतो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम टाकू नका, आणि टाकावीच लागली तर ती कुठून आली याचा कागद जोडा. एकटी का जाताय, असं वेगळं कुणी विचारत नाही, पण मी अर्ध्या पानाचं पत्र जोडलं होतं: कुठल्या रात्री कुठे, खर्च कोणाचा, परतीची तारीख कोणती.

विमानाचं तिकीट जाताना मुंबई-लंडन आणि येताना डब्लिन-मुंबई असं काढा. डब्लिनहून दुबई, अबुधाबी किंवा दोहामार्गे सहज येता येतं. लंडनला परत जायचा एक दिवस आणि एका प्रवासाचे पैसे वाचतात.

मुक्काम स्टेशन बघून निवडा

लंडनमध्ये मी पॅडिंग्टनला राहिले, आणि पहिल्यांदा एकट्या जाणाऱ्या प्रत्येकीला तेच सांगते. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइनची गाडी थेट पॅडिंग्टनला येते, आणि बाथची गाडी पॅडिंग्टनहूनच सुटते. येतानाचा आणि जातानाचा असे दोन्ही सांधे एकाच स्टेशनात जमतात, अवजड बॅग घेऊन भुयारी रेल्वेचे जिने चढावे लागत नाहीत. लंडनच्या भुयारी रेल्वेत बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाही, हे तिथे गेल्यावरच उमगतं.

खोली ठरवताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. रात्री किती वाजेपर्यंत प्रवेश मिळतो, खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, आणि निघायच्या दिवशी बॅग ठेवता येईल का. किल्लीच्या पेटीचे आकडे मी आता कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवते. एकट्या माणसाला खोली महाग पडते, कारण दर बहुधा दोघांचा असतो. परवडत नसेल तर वसतिगृहात, म्हणजे होस्टेलमध्ये, फक्त बायकांची खोली मिळते, आणि तिथे साठीच्या बायकाही दिसतात. मी यॉर्कला तशी राहिले, सकाळी सातला स्वयंपाकघरात चहा करताना दोघीजणींशी ओळख झाली.

तारखा बघताना बँक हॉलिडे टाळा. इंग्लंडमध्ये मे महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार, आयर्लंडमध्ये मे, जून आणि ऑगस्टचा पहिला सोमवार. त्या शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव चढतात आणि गाड्या भरतात.

पैसे, फोन, खाणं

रोख पैसे फार लागत नाहीत. लंडनच्या बसमध्ये तर रोख चालतच नाही, कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवायचं. बसमध्ये चढताना एकदाच, भुयारी रेल्वेत आत जाताना आणि बाहेर पडतानाही. बाहेर पडताना टेकवायचं विसरलात तर जास्तीचं भाडं कापलं जातं. दिवसभराच्या भाड्याला वरची मर्यादा आहे, पण ती लागू व्हायला रोज तेच कार्ड वापरावं लागतं, सकाळी कार्ड आणि दुपारी फोन असं केलं तर दोन वेगळे प्रवासी धरले जातात. दोन बँकांची दोन कार्डं न्या आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. आयर्लंडमध्ये युरो, उत्तर आयर्लंडमध्ये (तो ब्रिटनचा भाग) पौंड.

फोनच्या कार्डाचं काम निघण्याआधी करा, आणि ते ब्रिटन आणि आयर्लंड दोन्हीकडे चालतं का ते विचारा. प्लग दोन्ही देशांत सारखाच, तीन चौकोनी पिनांचा. आणीबाणीला 999 किंवा 112, दोन्ही देशांत.

खाण्याबद्दल आधी हे: तूप, पेढे, बर्फी, पनीर नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून दोन्ही देशांत न्यायला मनाई आहे. चिवडा, चकली, मेतकूट, खाकरे चालतात. ब्रिटनमधून आयर्लंडला जातानाही हाच नियम आता लागतो, तेव्हा चीजचं सँडविच बोटीवरच संपवा. शाकाहारी असाल तर सुपरमार्केटमधले तयार डबे, भाजलेला बटाटा आणि बीन्स, सूप आणि पाव यावर दिवस छान निघतो. सूप कशाच्या पाण्यात केलंय ते मात्र विचारा. सकाळच्या भरपेट नाश्त्यात ‘पुडिंग’ म्हणून जी काळी किंवा पांढरी चकती येते ते गोड नव्हे: काळीत रक्त असतं आणि पांढरीत डुकराचं मांस. पबमध्ये एकट्या बाईनं जेवायला बसणं तिथे अगदी साधी गोष्ट आहे. टेबलावर बसून वाट बघू नका, टेबलाचा आकडा लक्षात ठेवून काउंटरवर जायचं, सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे.

लंडनची एक सकाळ

लंडनमध्ये काय बघावं याच्या याद्या ढीगभर मिळतात. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या सगळ्यांना प्रवेश मोफत आहे, एवढं लक्षात ठेवा आणि एकेका ठिकाणी दोन तासांहून जास्त थांबू नका. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे, वाघनखं मात्र जुलै 2024 मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली. पण मला सांगायचंय ते एका पायी वाटेबद्दल, जी आपल्या लोकांनी तरी चुकवू नये.

पॅडिंग्टनहून उत्तरेला दहा-पंधरा मिनिटांवर लिटल व्हेनिस नावाचा भाग आहे, कालव्यात रंगीत लांबट बोटी बांधलेल्या असतात. तिथून जवळच हाउली प्लेस नावाचा शांत रस्ता आहे आणि 10 क्रमांकाच्या घरावर गोल निळी पाटी: लोकमान्य टिळक इथे 1918-1919 मध्ये राहिले. व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी ते आले होते. खटला हरले. पांढरं घर, खिडकीत फुलांच्या कुंड्या, समोर कुणीतरी सायकल बांधून ठेवलेली. घर खाजगी आहे, तेव्हा पायऱ्या चढू नका, फुटपाथवरूनच बघा.

तिथून परत कालव्यावर या आणि पूर्वेकडे चालायला लागा. सुरुवातीला एका बोगद्यापाशी कालव्याकाठची वाट संपते, तेव्हा रस्त्यावर चढून पलीकडे पुन्हा उतरायचं. पुढे रीजंट्स पार्कची झाडी आणि प्राणिसंग्रहालयाचा मोठा पिंजरा लागतो, पूर्वी त्यात पक्षी होते, आता माकडं आहेत. त्यानंतर वर येऊन प्रिमरोज हिल चढा. टेकडी लहानशीच, पण वरून अख्खं लंडन दिसतं. टेकडीच्या उत्तरेला किंग हेन्रीज रोड, क्रमांक 10. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना 1921-22 मध्ये या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारनं 2015 मध्ये ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. उघडायच्या वेळा आदल्या दिवशी बघून जा. मी गेले तेव्हा माझ्याआधी नागपूरचं एक कुटुंब आत होतं, आजोबा चपला काढून जिन्याच्या पहिल्या पायरीवर हात टेकवत होते.

सगळी वाट रमतगमत तीन तासांची. चॉक फार्म हे भुयारी रेल्वेचं स्टेशन तिथून जवळ आहे. संध्याकाळी मराठी बोलावंसं वाटलं तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 सालापासूनचं. कार्यक्रम असेल तर आधी कळवून जा.

रेल्वेची तिकिटं

इंग्लंडमधली रेल्वे महाग आहे, पण लवकर घेतलेलं तिकीट निम्म्याहूनही स्वस्त पडू शकतं. ‘ॲडव्हान्स’ प्रकारची तिकिटं साधारण बारा आठवडे आधी खुली होतात. ती ठरावीक गाडीलाच चालतात. साठीच्या पुढे असाल तर सीनियर रेलकार्ड घ्या. भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो, परदेशी असण्याची अडचण नाही. माझ्या कार्डाचे पैसे दोनच प्रवासांत वसूल झाले. तरुणांसाठीही अशी कार्डं आहेत.

एकटीनं दोन गोष्टी सांभाळायच्या. लांबच्या प्रवासाला रविवार टाळा, कारण रुळांची कामं रविवारी काढतात आणि मध्येच गाडीऐवजी बसमध्ये बसवतात. आणि मुख्य स्टेशनांवर फलाटाचा आकडा सुटायच्या काही मिनिटं आधीच लागतो, तेव्हा मोठ्या फलकासमोर उभं राहायचं आणि आकडा लागला की चालू लागायचं. दारं सुटायच्या वेळेच्या आधीच बंद होतात. बॅग डब्याच्या दाराजवळच्या रॅकवर राहते, म्हणून पासपोर्ट आणि औषधं पाठीवरच्या पिशवीत.

बाथला रोमन स्नानगृहं सकाळी उघडताच बघा, नंतर रांग फार. रॉयल क्रेसेंट ही अर्धवर्तुळाकार घरांची ओळ संध्याकाळच्या उन्हात मधासारखी पिवळी दिसते. एक दिवस सॉल्झबरीसाठी ठेवा, बाथहून थेट गाडी तासाभराची. स्टेशनाबाहेरून स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाकडे जाणारी बस मिळते. स्टोनहेंज बघून आल्यावर सॉल्झबरीचं कॅथेड्रल चुकवू नका: 123 मीटर उंच कळस, इंग्लंडमधला सर्वांत उंच, आणि 1215 सालच्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, उरलेल्या चार प्रतींपैकी एक.

बाथहून ब्रिस्टल, तिथून थेट यॉर्क, असा जवळजवळ अर्धा दिवस जातो. यॉर्कला जुन्या तटावरून चालता येतं, पैसे पडत नाहीत. स्टेशनाशेजारच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘मॅलर्ड’ हे निळं इंजिन आहे, 1938 मध्ये ताशी 126 मैल धावलेलं, वाफेच्या इंजिनांचा विक्रम आजही त्याच्याच नावावर. यॉर्क मिन्स्टर या भव्य चर्चला तिकीट आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला कुणीही मोफत बसू शकतं. एकटीनं घालवायच्या संध्याकाळींत याहून चांगली जागा मला दुसरी मिळाली नाही. दगडाच्या त्या उंचीत मुलांचे आवाज चढत जातात आणि आपण नुसतं बसून राहायचं.

समुद्राचा सांधा

लंडनहून डब्लिनला विमानानं तासाभरात जाता येतं. तरी बोटीनंच जा. ‘सेलरेल’ नावाचं एकच तिकीट मिळतं, ब्रिटनमधल्या कुठल्याही स्टेशनापासून वेल्समधल्या होलीहेड बंदरापर्यंत रेल्वे आणि पुढे डब्लिनपर्यंत बोट. रेल्वे आणि बोट वेगवेगळी काढलीत आणि गाडी उशिरा पोचली, तर बोट चुकल्याची जबाबदारी तुमच्यावर येते. एकाच तिकिटावर पुढच्या बोटीची सोय मागता येते.

मी आदली रात्र चेस्टरला काढली. रोमनांनी वसवलेलं गाव, पूर्ण तट अजून शाबूत, दुमजली दुकानांच्या सलग गॅलऱ्या. सकाळी ताजी उठून होलीहेडची गाडी, पावणेदोन तासांच्या आसपास. उजव्या बाजूच्या खिडकीत बसा, तासभर समुद्र रुळांच्या अगदी कडेला असतो. कॉनवीला गाडी तेराव्या शतकातल्या किल्ल्याच्या भिंतीला जवळजवळ घासून जाते.

होलीहेडला स्टेशन आणि बोटीचा धक्का एकाच इमारतीत. मोठी बॅग विमानतळासारखी जमा करता येते. पायी प्रवाशांनी निदान अर्धा तास आधी हजर राहावं लागतं, मी तासभर आधी गेले. बोट सव्वातीन तासांची, आठ-दहा मजली, आत जेवण, आराम खुर्च्या. समुद्र खवळतो, उलटीची गोळी आधी घ्या. हिवाळ्यात ही वाट बेभरवशाची: डिसेंबर 2024 च्या वादळात होलीहेड बंदराचं नुकसान झालं आणि ते महिनाभर बंद राहिलं. मे ते सप्टेंबर बरा.

डब्लिन बंदरावर आयरिश इमिग्रेशन पासपोर्ट बघतं. परतीचं विमान-तिकीट, डब्लिन आणि गॉलवेच्या खोल्यांची नोंद, विम्याचा कागद, हे सगळं छापून हातात ठेवा. मला विचारलं, किती दिवस, कुठे, कशासाठी. शिक्का मिळाला. बंदर शहरापासून तीन-चार किलोमीटर, दुपारच्या बोटीला बस असते. रात्री उशिराची बोट एकटीनं टाळावी.

डब्लिन आणि पश्चिम

बसच्या कपाळावर ‘अन लार’ दिसलं की ती शहराच्या मध्यभागी जाते, आयरिश भाषेत त्याचा अर्थच ‘मध्य’. परदेशी पाहुण्यांसाठी लीप व्हिजिटर कार्ड मिळतं, बस, ट्राम आणि लोकल तिन्हींना चालतं.

किलमेनम तुरुंगाचं तिकीट आधी काढावंच लागतं, 28 दिवस आधी खुलं होतं आणि भराभर संपतं. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या 1916 च्या ईस्टर उठावातल्या चौदा जणांना इथे गोळ्या घातल्या. उठावाचा एक नेता जेम्स कॉनली जखमी होता, उभंही राहता येईना, त्याला खुर्चीला बांधलं. ते अंगण लहान आहे, खडी पसरलेली, दोन टोकांना दोन साधे काळे क्रूस. उठावाचं ठाणं असलेलं जनरल पोस्ट ऑफिस ओकॉनल रस्त्यावर आहे आणि आजही तिथे तिकिटं, पाकिटं विकत मिळतात. मी घरी एक पत्र टाकलं. त्याच एप्रिल 1916 मध्ये बेळगावला टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली, आणि ‘होमरूल’ हा शब्द आपण घेतला तो आयरिश लोकांकडूनच. हाउली प्लेसची पाटी बघून आलेल्या माणसाला पोस्टाच्या त्या खांबांसमोर थोडा वेळ थांबावंसं वाटतं.

किल्डेअर स्ट्रीटवरचं पुरातत्त्व संग्रहालय मोफत आहे. दलदलीत दोन हजारांहून अधिक वर्षं टिकलेली माणसांची शरीरं तिथे ठेवलीत, एकाच्या हाताची नखंसुद्धा स्पष्ट दिसतात. मन घट्ट करून जा.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनाहून गॉलवे अडीच तासांच्या आत. जागा राखून ठेवली असेल तर आसनावरच्या छोट्या पट्टीवर तुमचं नाव उजळतं. परक्या देशात, खिडकीच्या वर, आपलं नाव दिव्यांत. मी फोटो काढून लेकीला पाठवला.

गॉलवेला तीन रात्री ठेवायचं कारण मोहरचे कडे. सर्वांत उंच जागी 214 मीटर, खाली अटलांटिक. धुकं असलं तर पुढ्यातलं कुंपणसुद्धा धड दिसत नाही. ठरावीक दिवसाची सहल आधी काढलेल्यांना पांढऱ्या भिंतीकडे बघून परतावं लागतं. मी बसनं गेले, गॉलवेहून डूलिनमार्गे 350 क्रमांकाची जाते. पहिल्या दिवशी पाऊस होता, गावात संगीत ऐकलं. दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं, म्हणून बाजार आणि कालवा. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला पडदा सरकवला तर ऊन. त्याच बसनं गेले आणि चार तास वर होते. वाऱ्यात कड्याच्या टोकाशी जाऊ नका, आणि बंद केलेल्या पायवाटेवर तर मुळीच नको, एकटीला हात द्यायला कुणी नसतं. जून महिन्यात उजेड रात्री दहापर्यंत असतो, त्यामुळे परतीची बस कितीला ते मात्र सकाळीच लिहून घ्या. उजेडाच्या भरवशावर शेवटची बस चुकते.

पबमधल्या संगीताबद्दल एक. वादक एका टेबलाभोवती बसून वाजवतात, त्या टेबलाच्या खुर्च्या त्यांच्या. एक पेय घेऊन जवळ बसा, लिंबूसोडाही चालतो.

आणखी दोन दिवस असतील तर डब्लिनहून बेलफास्ट आणि तिथून जायंट्स कॉजवे. सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे सुमारे चाळीस हजार खांब, बहुतेक षटकोनी, समुद्रात उतरत गेलेले. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्यानं पाहिली आहे त्याला हा दगड ओळखीचा वाटेल, दोन्ही बेसॉल्टच. फक्त बेलफास्ट ब्रिटनमध्ये येतं, तेव्हा ब्रिटनचा व्हिसा त्या दिवशीही चालू असायला हवा.

शेवटची रात्र डब्लिनला, विमानतळाच्या बसथांब्याजवळ. गॉलवेहून त्याच दिवशी थेट विमान गाठायचा बेत करू नका, गाडी रद्द झाली तर मागे दुसरा उपाय उरत नाही. त्या संध्याकाळी मी बॅग भरून, पासपोर्ट उशाशी ठेवून, लिफी नदीच्या काठानं समुद्राच्या दिशेनं चालत गेले. साडेनऊ वाजले होते आणि पाण्यावर ऊन होतं.